वर बर्फ, खाली नासलेलं दूध

आकाशवाणीवरून बोलावणं आलं की मी कवितांची वही काढून ठेवतो. या वेळी मात्र घरातल्या एखाद्या यंत्राबद्दल बोला, असा निरोप आला. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीच्या परीक्षेनंतर दोघांच्या संमतीनं सुटला. तरी एका यंत्राबद्दल मी थोडंफार बोलू शकतो, कारण ते समजून न घेण्याची किंमत आमच्या घरानं मोजली आहे. ते यंत्र म्हणजे आमचा दोन दारांचा फ्रीज. वर फ्रीजर, खाली फ्रीज. दर दुसऱ्या-तिसऱ्या घरात असतो तसा.

गोष्ट २०२३ च्या मे महिन्यातली. सोलापूरचा मे ज्यांनी काढलाय त्यांना उन्हाबद्दल वेगळं सांगायला नको. सकाळी पत्नीनं चहासाठी फ्रीजमधलं दुधाचं पातेलं काढून गॅसवर ठेवलं आणि दूध नासलं. मी उठून फ्रीजर उघडला. बर्फ दगडासारखा. "फ्रीज चालू आहे, दूधवाल्याचीच काहीतरी गडबड," असा निवाडा देऊन मी पेपर वाचायला बसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा दूध नासलं, दही आंबून गेलं आणि कोथिंबिरीची जुडी मान टाकून बसली. तेव्हा मी मनातल्या मनात दूधवाल्याची माफी मागितली.

दुधाचं एक वेळ ठीक आहे. आमच्या फ्रीजमध्ये अम्मीचं इन्शुलिन असतं. अम्मी तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. इन्शुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात. मी त्या लगबगीनं एका डब्यात भरून शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये ठेवून आलो आणि आपण मोठी समयसूचकता दाखवली असं समजून चुकलो. 'चुकलो' का म्हणतो ते पुढे कळेल.

मग मी स्वतः दुरुस्तीला हात घातला. आमच्या फ्रीजमध्ये दोन खटके आहेत, एक खालच्या कप्प्यात आणि एक वर फ्रीजरमध्ये. खालचा खटका मी रमजान ईदच्या वेळी, शीरखुर्म्यासाठी दहा लिटर दूध आणलं होतं तेव्हाच सगळ्यात वरच्या आकड्यावर नेला होता. तो तिथेच राहिला होता. आता वरचाही 'मॅक्स'वर नेला. थंडी वाढायला हवी ना! संध्याकाळपर्यंत खालचा कप्पा आणखी कोमट.

फोनवरून बोलावलेला एक तंत्रज्ञ आला. त्यानं मागच्या बाजूला हात लावला, कान लावला आणि म्हणाला, "गॅस गेला. कंप्रेसर पण वीक आहे." आकडा ऐकून माझाही कंप्रेसर वीक झाला. विचार करून सांगतो म्हणालो आणि आमच्या गल्लीच्या टोकाला बसणाऱ्या मिस्त्रींना गाठलं. मिस्त्री एकेकाळी कापडगिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर फ्रीज-कूलरची कामं शिकले. मला कवीसाहेब म्हणतात, त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे मी कधी विचारलं नाही.

त्यांनी कशालाही हात लावायच्या आधी विचारलं, "वर बर्फ होतोय?"

"होतोय की. दगडासारखा."

"मग गॅस गेला कसा म्हणता? कवीसाहेब, विहिरीला पाणी आहे आणि शेतात पोचत नाही, तर विहीर खणायची का पाट बघायचा?"

या एका प्रश्नात माझे काही हजार रुपये वाचले. तो प्रश्न समजून घ्यायचा तर फ्रीज काय करतो ते थोडं सांगायला हवं.

आपण म्हणतो, फ्रीज थंडी तयार करतो. तसं नाही. फ्रीज आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. इंजेक्शनआधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला की गार वाटतं, कारण स्पिरिट उडून जाताना कातडीतली उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं तेही असंच. पाझरलेलं पाणी वाफ होऊन जाताना आतल्या पाण्याची उष्णता नेतं. सोलापूरच्या कोरड्या हवेत माठ छान गार होतो आणि मुंबईच्या दमट हवेत तितका होत नाही, त्याचं कारणही हेच. फरक इतकाच की माठातून उडालेलं पाणी परत येत नाही. फ्रीजमधलं द्रव्य मात्र बंद नळीत फिरत राहतं. फ्रीजरच्या मागच्या भिंतीआड वेटोळ्यांची कॉइल असते. तिथे ते द्रव्य उकळून वायू होतं आणि उष्णता शोषून घेतं. कंप्रेसर तो वायू दाबून मागच्या जाळीकडे ढकलतो. जाळीत तो आपली उष्णता खोलीत सोडतो आणि पुन्हा द्रव होतो. मग केसासारख्या बारीक नळीतून पुन्हा वरच्या कॉइलकडे. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये मागची जाळी दिसत नाही, ती नळी बाजूच्या पत्र्याआड असते. म्हणून नव्या फ्रीजच्या कडा गरम लागतात. दोन दारांमधली पट्टीही काही फ्रीजमध्ये कोमट लागते. तिथे दव जमू नये म्हणून ती मुद्दाम तशी ठेवलेली असते. लोक घाबरून मिस्त्रींना बोलावतात.

पूर्वी या नळ्यांत जो वायू असे त्यानं ओझोनच्या थराला भोकं पाडली. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्यानं बंद झाला. आताच्या बहुतेक नव्या घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो, ज्याला मिस्त्रींच्या भाषेत 'सहाशे नंबरचा गॅस' म्हणतात. तो थोडासाच भरलेला असतो, पण ज्वालाग्राही असतो. म्हणून गॅस भरण्याचं काम माहितगारानंच करावं. आणि सुरीनं बर्फ उकरायचा मोह कितीही झाला तरी आवरावा. जुन्या एकदारी फ्रीजमध्ये तर बर्फाच्या कप्प्याची भिंत म्हणजेच कॉइल. सुरीचं टोक घुसलं की फ्रीजच गेला.

आता दोन दारांच्या फ्रीजची खरी मेख. त्यात गार होणारी कॉइल एकच, आणि ती वर असते. खालच्या कप्प्याला स्वतःची थंडी नसते. कॉइलजवळचा छोटा पंखा गार हवा फ्रीजरमध्ये फिरवतो आणि तिचा थोडा वाटा एका झरोक्यातून खाली सोडतो. दूध, भाजी, कणकेचा गोळा, सगळं त्या वाट्यावर जगतं. आमच्या फ्रीजमधला वरचा खटका त्या वाटणीचा निघाला. तो 'मॅक्स'वर नेला की वरची हवा वरच राहते आणि खालची वाट आवळली जाते. म्हणजे थंडी वाढवायला म्हणून मी खालच्या कप्प्याचा उरलासुरला श्वासही बंद केला होता. सगळ्या फ्रीजमध्ये खटक्यांची कामं अशीच नसतात, काहींत उलटीही असतात. फ्रीजबरोबर आलेली पुस्तिका आपण वॉरंटी कार्डासोबत पिशवीत घालून कपाटावर टाकतो. ती एकदा काढून वाचावी.

मिस्त्रींनी खालच्या कप्प्यात झरोक्याजवळ माझा हात धरला. "वारं लागतंय?" काहीच लागत नव्हतं. त्यांनी भिंतीतली पिन काढली, फ्रीजरच्या आतलं मागचं प्लॅस्टिकचं झाकण उघडलं आणि मला बोलावलं. कॉइल दिसतच नव्हती. तिच्या जागी एक पांढरी, घट्ट, बर्फाची भिंत उभी होती. हवा जाणार कुठून?

हे असं का होतं? आपण दार उघडलं की बाहेरची ओल आत जाते आणि कॉइलवर बर्फ होऊन बसते. ते होणारच. म्हणून या फ्रीजमध्ये एक सोय असते. काही तासांनी कंप्रेसर थांबतो, कॉइलजवळचा हीटर थोडा वेळ तापतो आणि तो बर्फ वितळवतो. पाणी पन्हळीतून नळीवाटे खाली उतरतं, कंप्रेसरजवळच्या ताटलीत पडतं आणि वाफ होऊन जातं. फ्रीजमध्ये हीटर असतो हे ऐकून मला आमच्या समीक्षक मित्रांची आठवण झाली, पण ते असो. या कामाला तिघे लागतात. वेळ सांगणारा टायमर, तापणारा हीटर आणि बायमेटल नावाची एक चकती. कॉइल गार असेल तेव्हाच ही चकती हीटरला वीज जाऊ देते आणि पुरेसं तापलं की तोडते. नव्या फ्रीजमध्ये टायमरऐवजी इलेक्ट्रॉनिक पाटी आणि सेन्सर असतात. या तिघांतला एक जरी संपावर गेला तरी बर्फ साठत जातो. वर कॉइल थंडच असते, त्यामुळे फ्रीजर बराच काळ शहाण्यासारखा वागतो आणि खाली दूध नासतं. मिस्त्रींनी मीटर लावून पाहिलं. टायमर ठीक, हीटर ठीक, बायमेटल गेलेला. सगळा खर्च त्या पहिल्या तंत्रज्ञाच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शातही बसला नाही. त्या तंत्रज्ञाला मी लबाड म्हणणार नाही. त्यानं वरचं दार उघडलंच नव्हतं, एवढंच.

याची घरच्या घरी एक परीक्षा आहे. वर बर्फ होतोय आणि खाली गारवा नाही, असं दिसलं तर सगळं सामान काढा, पिन काढा, दोन्ही दारं उघडी टाका आणि चोवीस तास तसाच ठेवा. खाली जुनं धोतर, चादर, जे असेल ते पसरा, पाणी येतं. वर कढत पाणी ओतू नका, मेणबत्ती तर नकोच. नंतर सुरू केल्यावर फ्रीज आठ-दहा दिवस झकास चालला आणि पुन्हा खालून कोमट होऊ लागला, तर गॅस आणि कंप्रेसर ठीक आहेत, बर्फ वितळवणारी मंडळी बिघडली आहेत. वितळवूनही खाली वारंच येत नसेल तर पंखा किंवा झरोका पाहायला सांगा. वरही धड बर्फ होत नाही, कॉइलच्या एका कोपऱ्यातच पांढरं दिसतं आणि कंप्रेसर मात्र न थांबता धापा टाकतोय, तेव्हा गॅसची शंका घ्यायची. तीसुद्धा भरण्याआधी गळती कुठे ते शोधा, असं बजावून. गळकी घागर भरून काय उपयोग? मागचं झाकण उघडायचं काम मात्र मिस्त्रींवरच सोडा. तिथे वीज आहे.

बाकीच्या तक्रारी बहुतेक किरकोळ असतात. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतं, कारण वितळलेल्या पाण्याची ती नळी कचऱ्यानं तुंबलेली असते. कोमट पाण्यानं ती मोकळी होते. दाराचं रबर ढिलं झालं का हे पाहायचं तर दारात दहाची नोट धरून दार लावा आणि ओढा. अलगद निघाली तर तिथून थंडीही अलगद निघतेय. साबणाच्या पाण्यानं पुसून पाहा, पुष्कळदा रबर खराब नसतं, त्यावर पिठाचा आणि तेलाचा थर असतो. दर काही मिनिटांनी मागून 'टक्' असा आवाज येतो आणि कंप्रेसर गुणगुणून गप्प होतो, म्हणजे तो उठायचा प्रयत्न करतोय आणि उठता येत नाही. आधी व्होल्टेज पाहा, मग रिले नावाचा छोटा भाग. पण तोवर पिन काढून ठेवा. लाइट गेली आणि लगेच आली तर तीन-चार मिनिटं थांबून फ्रीज सुरू करावा, आतला दाब सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो. स्टॅबिलायझर ते काम आपोआप करतो. मधूनच खळखळ किंवा काडकन आवाज येतो त्याला घाबरू नका. नव्या इन्व्हर्टर फ्रीजचा कंप्रेसर तर मंद गतीनं तासन् तास गुणगुणतो, तोही आजार नव्हे.

आणि हवेला वाट ठेवा. बकरी ईदला आमच्या फ्रीजरची आणि दिवाळीत शेजारच्या काकूंच्या फ्रीजची अवस्था एसटीच्या शेवटच्या गाडीसारखी असते. मोठ्या गोळ्यापेक्षा चपट्या छोट्या पुड्या लवकर गोठतात, आणि झरोक्यासमोर काही कोंबलं नाही तर खालच्यांचेही हाल होत नाहीत. फ्रीजची पाठ भिंतीला चिकटवली की त्यानं आतून आणलेली उष्णता टाकायची कुठे? हातभर नको, पण पुस्तिकेत सांगितली असेल तेवढी जागा सोडावी.

मिस्त्रींनी दोन्ही खटके मधोमध ठेवले आणि सांगितलं, "आता हात लावू नका." ते गेल्यावर मी हात लावला. बाहेर त्रेचाळीस अंश, आणि खटका मधोमध? मनाला पटेना. खालचा पुन्हा पूर्वीसारखा सगळ्यात वरच्या आकड्यावर नेला. सकाळी कोशिंबिरीसाठी काकडी काढली. वरच्या फळीवर, अगदी मागे, झरोक्याखाली ठेवलेली. सुरी घातली तर कचकन आवाज आला. आत बर्फाच्या सुया.

मी ती काकडी हातात धरून तसाच उभा राहिलो. ईदपासून अम्मीच्या इन्शुलिनचा डबा मी त्याच जागी ठेवत आलो होतो. औषध आहे, जास्तीत जास्त थंड जागी असू दे, म्हणून. कॉइलवरून येणारी हवा शून्याच्या पुष्कळ खाली असते, खटका वर नेला की ती जास्त वेळ येत राहते आणि पहिल्यांदा पडते ती तिथेच. दूध नासण्याच्या आधीच्या आठवड्यांत तो फ्रीज बिघडलेला नव्हता, उलट फार जोरात चालत होता.

इन्शुलिन एकदा गोठलं की ते पुन्हा वितळलं तरी भरवशाचं राहत नाही. आणि बाटलीकडे पाहून ते कळेलच असं नाही. एप्रिलच्या शेवटापासून अम्मीची साखर चढत होती. आम्ही आधी शीरखुर्म्यावर खापर फोडलं, मग आंब्यांवर. आंब्याची पेटी माळ्यावर चढवून ठेवली. नातवंडांना पहारा दिला. ती सांगत होती, मी खाल्लं नाही. आम्ही मान हलवत होतो, म्हातारं माणूस, चोरून खात असेल. डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला होता. शेजारच्या फ्रीजमध्ये मी धावतपळत नेऊन ठेवलेल्या बाटल्या आधीच वाया गेलेल्या असणार.

मी डॉक्टरांना फोन केला. ते क्षणभर बोलले नाहीत. मग म्हणाले, सगळ्या बाटल्या टाका, नवी आणा, पण वाढवलेला डोस अजिबात देऊ नका, आधीचाच द्या आणि दिवसातून चार वेळा साखर मोजून मला कळवा. चांगलं औषध त्या वाढीव मापानं दिलं असतं तर साखर एकदम खाली उतरून अम्मीच्या जिवावर बेतलं असतं. तुमच्या घरी असं काही घडलं तर माप स्वतः ठरवू नका, डॉक्टरांना आधी विचारा. आठवड्याभरात अम्मीची साखर पूर्वीच्या जागी आली.

मी तिच्या पलंगाशी बसून सगळं सांगितलं, काकडीपासून. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मैं बोली थी ना, आमकू हात बी नै लगाई मैं. तुमे लोगां सुनतेच नै." मग नातवाला हाक मारून माळ्यावरची पेटी खाली काढायला लावली. निम्मे आंबे सडले होते.

आता इन्शुलिन मधल्या फळीवर, पुढच्या बाजूला, झाकणाच्या डब्यात असतं. दारात ठेवत नाही, दार दिवसभर उघडत-मिटत असतं. शेजारी पाण्याचा पेला आणि त्यात एक साधा थर्मामीटर. तो नुसता हवेत ठेवला तर दार उघडताच आकडा पळतो, पाण्यात ठेवला की खरं काय ते सांगतो. चार अंशांच्या आसपास असेल तर दूधही टिकतं आणि औषधही. लाइट गेली की दार उघडायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे. बंद दाराआड खालचा कप्पा साधारण चार तास तग धरतो, आमच्या उन्हाळ्यात त्याहून कमीच धरावा. गच्च भरलेला फ्रीजर दिवसभर सहज निभावतो.

खटक्यांना मी हात लावत नाही. रोज सकाळी अम्मी चष्मा लावून फ्रीज उघडते, थर्मामीटर वाचते आणि आकडा मला बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगते.